भट्टी निवताना

मे महिन्याचा अखेरचा दिवस भिलाईत दुहेरी अर्थ घेऊन येतो. पोलाद कारखान्यातली नोकरी ज्यांची त्या महिन्यात सरते, त्यांच्या गळ्यात हार पडण्याचा हा दिवस. आणि जगाच्या पंचांगात हाच ३१ मे तंबाखूविरोधी दिन म्हणून नोंदलेला. पाळी सुटल्यावर बोरिया गेटबाहेरच्या पानठेल्यावर माणसे घटकाभर रेंगाळतात. त्या घटकेत आठ तासांचा शीण उतरतो, मुलांचे निकाल आणि गावाकडची खुशाली सांगितली जाते, आणि या साऱ्यावर सिगारेटचा वास असा काही बसतो की ती सोडू पाहणाऱ्याला आपली माणसेच दुरावतील असे वाटू लागते.

हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत छत्तीसगडातली ३९ टक्के प्रौढ माणसे तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होती. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. धूम्रपान करणारे त्यात थोडे, गुडाखू घासणारे आणि तंबाखू चघळणारे फार. पण तलफ सर्वांची सारखीच.

कोक ओव्हनची बॅटरी एकदा तापवली की वर्षानुवर्षे निवू द्यायची नसते, सिलिकाच्या विटांना तडे जातात, हे आपल्या गावातली मुले घरातल्या बोलण्यातून ऐकत मोठी होतात. सिगारेट ओढणाराही मनोमन तसेच धरून चालतो, की ही आग विझली तर आपण तडकू. देह त्या विटांचा घडलेला नाही. ज्या कार्बन मोनॉक्साइडपासून आपण गेटच्या आत जिवापाड जपतो, तोच वायू धुरावाटे रक्तात मुरलेला असतो आणि शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत निघून जातो. पहिला आठवडा कठीण, त्यातही पहिले तीन दिवस. मात्र एकेक तलफ काही मिनिटेच चढते आणि सिगारेट पेटवली नाही तरी ओसरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तिला लाट मानायला शिकवले: तिच्याशी झुंजू नये, ती छातीत, जबड्यात, बोटांच्या टोकांत कुठे उठते ते पाहत राहावे, आणि ती उतरेपर्यंत श्वास सावकाश घ्यावा.

सोडण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाही. आणखी काही आठवड्यांनी चातुर्मास लागेल. त्याआधी कांदेनवमीला आपण घरातला कांदा संपवतो, म्हणजे दिवस ठरलेला असतो, घरात वस्तू उरत नाही, आणि नेम साऱ्या कुटुंबाला ठाऊक असतो. समुपदेशकही हेच सांगतात. तारीख ठरवा, पाकीट, लायटर, राखदाणी घराबाहेर काढा, चार माणसांना सांगा. त्याआधी आठवडाभर प्रत्येक सिगारेट कधी पेटली ते लिहून ठेवा. चहाबरोबर, जेवणानंतर, रात्रपाळीच्या पेंगेत, की भांडणानंतर. मग त्या प्रत्येक वेळेला दुसरे काही जोडून द्यावे. चहाची जागा बदलावी, जेवून उठताच शतपावलीला निघावे, खिशात लवंग असावी, पाण्याची बाटली जवळ असावी. एखादे दिवशी चुकून उपास मोडला म्हणून कोणी एकादशी कायमची सोडत नाही. तसेच एका झुरक्याने सारे बुडाले असे मानू नये. बोलायला कोणी नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशनाला डॉक्टरांच्या औषधाची जोड मिळाली, तर यश येण्याची शक्यता आणखी वाढते.

राहिला आपला वाटा. पहिल्या दिवसांत माणूस चिडतो, त्याची झोप उडते, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो. त्या वेळी त्याला उपदेश केला तर तो उठून पानठेल्याकडेच जाईल. तलफेची ती पाच-सात मिनिटे त्याच्यासोबत काढणे, हे घरच्यांचे आणि पाळीतल्या सोबत्यांचे काम आहे, आणि ते आपण फारसे केलेले नाही हे मान्य करायला हवे. पानठेल्यावर त्याची जागा राखावी, गप्पांत त्याला धरून ठेवावे, फक्त पाकीट त्याच्यापुढे करू नये.

आज ज्यांच्या गळ्यात हार पडला, त्यांना उद्या पहिल्या पाळीला जायचे नाही. जाग मात्र त्याच वेळी येईल, हात सवयीने उशापाशी चाचपेल. शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी त्या वेळी हाक मारावी, ‘चला काका, मैत्री बागेपर्यंत जाऊन येऊ.’