वीस टनी

शुक्रवारची संध्याकाळ, एफसी रोड, समोर कोल्ड कॉफी. आणि गेवराईहून काकांचा फोन. "पोरी, तुझ्या त्या इंटरनेटवर जॅक बघ बरं. वीस टनी."

मास कॉमची डिग्री अशी कामाला येते, बॉस!

काकांची गाडी म्हणजे सहाचाकी ट्रक. आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. त्याआधी गाड्या धडधाकट करायची घाई, आणि बरीचशी कामं घरच्या अंगणातच. पाऊस नुकताच उघडलेला, खाली काळी माती.

गेल्या वर्षी तिथेच घोळ झाला. मागची चाकं काढलेली, काका चहाला आत गेले. मातीत रुतून जॅक तिरका झाला आणि गाडी धाडकन खाली बसली. पाच मिनिटांपूर्वी माझा चुलतभाऊ त्याच एक्सलखाली आडवा होता. घरात हा किस्सा हसत हसत सांगतात. काकू हसत नाहीत.

म्हणून या वेळी मी सीरियसली अभ्यास केला. २०१८ पासून सहाचाकी ट्रकला मालासकट १८.५ टनांची परवानगी आहे. त्यातले मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त ११.५. एका बाजूला जॅक लावला तर साधारण सहा टन. म्हणजे वीस टनी भरपूर झाला (गाडी तरीही रिकामी करूनच उचलायची). पण टनांचा आकडा सगळेच बघतात, बंद जॅकची उंची कुणी बघत नाही. पुढचं टायर बसलं की एक्सल जमिनीजवळ येतो आणि उंच जॅक खाली शिरतच नाही. मग खणा खड्डा! मी काकांना टेप घेऊन मोजायला लावलं. कुरकुरले, पण मोजलं.

आणि मेन फंडा असा, की हायड्रॉलिक जॅक गाडी उचलतो, धरून ठेवणं त्याचं काम नाही. सगळा भार आतल्या तेलावर आणि ते अडवणाऱ्या सीलवर. सील फाटायच्या आधी मिस कॉल देत नाही. म्हणून जॅकखाली जाड, रुंद फळी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडी उचलली की लगेच एक्सलखाली लोखंडी स्टँड. स्टँडखालीही फळी. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. तो मागच्या चाकांना पकडतो, आणि आपण नेमकी तीच उचलतो! शिवाय स्टँडवरचा टनांचा आकडा एका नगाचा की जोडीचा, हे दुकानदाराला विचारून घ्या.

हे सगळं मी काकांना फोनवर ऐकवलं. "स्टँडला वेगळे पैसे कशाला? तीस वर्षं गाडीखाली झोपतोय मी."

मग फोन काकूंच्या हातात गेला. "दोन मागव," त्या म्हणाल्या.

मागून काका ओरडत होते, "एकच!"

मी चार मागवले.