फळतोडणीचा व्हिसा

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागले की पंचवीसेक किलोमीटरवर मलिहाबाद येते. काकोरी, माल, मलिहाबाद हा सारा पट्टा आमरायांचा. कोकणात हापूसचा हंगाम आवरत येतो तेव्हा इथे दशहरीची काढणी सुरू होते. ज्या मूळ झाडापासून ही जात पसरली असे मानतात, ते झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात अजून उभे आहे. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळाले. मलिहाबादी दशहरीला ते त्याच्या कितीतरी आधी मिळालेले आहे.

दशहरी उतरवणे हे जोखमीचे काम. आपल्याकडे कोकणात झेला, तशी इथे लग्गी: लांब काठी, टोकाला जाळी आणि पाते. देठ फळाच्या अगदी बुडाशी तुटला की पहिल्या काही क्षणांत चिकाची चिळकांडी उडते. तो चीक आंब्याच्या सालीवर ओघळला तर दोन दिवसांत काळे डाग पडतात आणि पेटीचा भाव उतरतो. माणसाच्या कातडीवर पडला तर चट्टे उठतात. म्हणून फळ थोडा देठ ठेवून कापायचे, उपडे ठेवून चीक निथळू द्यायचा आणि मगच क्रेटमध्ये भरायचे. रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेतले शास्त्रज्ञ हेच सांगतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ काढला तोही याच कारणासाठी. डोक्यावर जूनचे ऊन, डोळे फांदीत, हात वर. हे दिवसभर करणाऱ्याचे नाव पेटीवर कधीच नसते.

हेच काम करायला मिळावे म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये हजारो भारतीय तरुणांनी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर भरून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सोडतीत नावे घातली.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 2 एप्रिल 2022 रोजी व्यापार करार झाला आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला तो लागू झाला. त्यानुसार 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी दरवर्षी 1000 ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा राखून ठेवले गेले. वर्षभर देश फिरायचा आणि खर्चापुरते मिळेल ते काम करायचे, असा हा व्हिसा. अटी मोजक्या आहेत. कामापुरते इंग्रजी हवे, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण हवे, सोबत मुले नकोत आणि खात्यात पाचएक हजार डॉलर हवेत. पहिल्या सोडतीसाठी नोंदणी सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. जागा हजार!

ऑस्ट्रेलियात ही प्रथा नवी नाही. 1975 पासून ब्रिटनच्या आणि कॅनडाच्या तरुणांना असा परवाना मिळू लागला, पुढे युरोप आणि पूर्व आशिया त्यात आला. शिक्षण संपल्यावर वर्षभर पाठीवर सॅक टाकून निघायचे, कॅफेत बशा उचलायच्या, हॉस्टेलच्या खोल्या झाडायच्या, पैसे संपत आले की बागेत जायचे. पहिल्या वर्षानंतर मुक्काम वाढवायचा असेल तर ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात तीन महिने शेती किंवा तत्सम काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. बॅकपॅकरांच्या बोलीत याला नुसते ‘88 दिवस’ म्हणतात. ब्रिटिश तरुणांना जुलै 2024 पासून यातून सूट मिळाली. भारतीयांना ती नाही. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक राहता येत नाही, त्यामुळे माणूस फिरता राहतो.

फिरण्याचा क्रम फळेच ठरवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डार्विन आणि कॅथरीनचे आंबे, मग क्वीन्सलंडमधल्या बोवेनचे. नाताळाच्या सुमारास टास्मानियाच्या चेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिल्ड्युराची द्राक्षे, त्यानंतर सफरचंदे. कोणत्या महिन्यात कुठे कोणते काम निघते याची मार्गदर्शिका सरकारच छापते.

यातल्या बोवेनच्या आंब्याचे आपल्याशी नाते आहे. तिथली सर्वांत नावाजलेली जात ‘केन्सिंग्टन प्राइड’. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेसाठी घोडे जात. ती जहाजे परतताना हिंदुस्थानातून आंबे घेऊन आली आणि त्यांच्या कोयींतून बोवेनच्या बागा उभ्या राहिल्या, असे तिथे मानले जाते. तिथल्या बागांत आंबे तोडतात आणि लगेच साबणपाण्याच्या फवाऱ्यात सोडतात, म्हणजे चीक सालीला धरत नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि तरीही अंगावर उठणारी खाज यांची वर्णने प्रत्येक तोडणारा सांगतो. डार्विनच्या दमट उकाड्यात हे काम करणाऱ्याला मलिहाबादचा जून वेगळा सांगावा लागणार नाही.

चीक तोच, खाज तीच. मजुरीचा हिशेब मात्र फार वेगळा.

ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2025 पासून राष्ट्रीय किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झाले. कायम नसलेल्या, म्हणजे सुट्टी आणि आजारपणाची रजा न मिळणाऱ्या कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त द्यावे लागतात. ते तासाला 31 डॉलरच्या वर जाते, रुपयांत दीड हजाराहून अधिक. इकडे उत्तर प्रदेशात 2025-26 साठी रोजगार हमीचा दर दिवसाला 252 रुपये होता, महाराष्ट्रात 312. तिथली भाकरी महाग आहे, हॉस्टेलचे भाडे मजुरीचा मोठा लचका तोडते, हे धरूनही अंतर थक्क करणारे आहे.

पण हा दर तिथल्या बागमालकांनी आपणहून दिलेला नाही. वर्षानुवर्षे फळतोडणी नगावर चालत असे. जितक्या बादल्या, तितके पैसे. नवखा पोरगा दिवसभर राबून खाण्यापुरतेही कमवत नसे. तिथल्या ‘फेअर वर्क ओम्बुड्समन’ या सरकारी यंत्रणेने तोडणीच्या कामाची देशभर तपासणी करून 2018 मध्ये अहवाल दिला, तेव्हा पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मालक कायदा मोडताना सापडले. राहण्याच्या जागांची कथाही भीषण होती. 23 जून 2000 रोजी क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स या फळबागांच्या गावात बॅकपॅकरांच्या हॉस्टेलला लावलेल्या आगीत 15 तरुण मेले. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती.

मग करोना आला. 20 मार्च 2020 ला सीमा बंद झाल्या, परदेशी हात आटले आणि बागांतून माणसांचा तुटवडा पडला. फळतोड्याची किंमत देशाला तेव्हा कळली. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने केलेल्या अर्जावर फेअर वर्क कमिशनने नोव्हेंबर 2021 मध्ये निकाल दिला आणि 28 एप्रिल 2022 पासून नियम लागू झाला: नगावर काम असले तरी तासाच्या किमान वेतनापेक्षा कमी कुणालाही देता येणार नाही. शिवाय दर असा हवा की सरासरी हाताला किमान वेतनाहून 15 टक्के जास्त पडावेत, आणि तो लेखी हवा.

नगावारीचे हे गणित मलिहाबादला अनोळखी नाही. याच पट्ट्यातल्या गावांत बायका घरी बसून लखनवी चिकनचे भरतकाम नगावर करतात. महाराष्ट्रात तर हंगामी कामासाठी मैलोनमैल प्रवास करणारी सर्वांत मोठी फौज आहे ऊसतोड कामगारांची. बीड-अहिल्यानगरकडून दसरा-दिवाळीला निघालेला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेते, टनावर तोडते आणि उचल फिटेपर्यंत परतू शकत नाही. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या हापूस बागा पावसाळा संपला की नेपाळी माणसांच्या हाती जातात. राखण, फवारणी, काढणी असे सगळे करून पावसाच्या तोंडावर ती माणसे परत घरी. यांच्याही पाठीवर पिशवी असते, हेही मुलूख पाहतात. त्याला भटकंती म्हणायचे कुणाला सुचत नाही, कारण यात निवड नाही आणि लेखी दर नाही. किमान वेतनाचा कायदा आपण 1948 मध्येच केला, परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठीचा 1979 मध्ये. बागेच्या बांधावर दोन्ही क्वचितच पोचले.

आपल्या सुशिक्षित घरांना अंगमेहनतीचे वावडे आहे असेही नाही. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत ऐन मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात कुदळ मारून आलेली माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात भेटतात. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत 1 मे रोजी मुंबई-पुण्याची मंडळी हौसेने घमेली वाहायला गेली. घमेले फुकट वाहिले की आपण त्याला श्रमदान म्हणतो आणि त्याचे फोटो काढतो. तेच घमेले मजुरी घेऊन वाहिले की घराण्याची अब्रू जाते. शेजाऱ्याच्या मुलाने सुट्टीत रत्नागिरीला जाऊन रोजावर आंबे उतरवले तर ‘एवढी काय वेळ आली?’ असे विचारतात. तोच मुलगा बोवेनला उतरवत असला तर पेढे वाटतात. हा दुटप्पीपणा सोडायला हवा. आपण श्रमदानाला मान दिला, मजुरीला दिला नाही, आणि म्हणूनच मजुरी वाढवण्याची निकडही कधी भासली नाही. मध्यमवर्गाची मुले ज्या कामात उतरतात त्या कामाचे तास, पगारचिठ्ठी आणि संडास यांची चौकशी लगेच सुरू होते. ऑस्ट्रेलियात तसेच झाले.

बागेत शिकण्यासारखे किती असते, याची साक्ष मलिहाबादमध्येच आहे. हाजी कलीमुल्ला खान सातवीत नापास झाले आणि शाळा सुटली. 1957 मध्ये, ऐन सतराव्या वर्षी, त्यांनी एका झाडावर सात जातींची कलमे बांधली. पावसाच्या पाण्याने ते झाड गेले. त्यांनी धीर सोडला नाही. 1987 पासून एका जुन्या झाडावर ते कलमे बांधत गेले आणि त्या एका झाडावर तीनशेहून अधिक जाती धरल्या. एका आंब्याला त्यांनी आपल्या सचिन तेंडुलकरचे नाव दिले. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाते कसे धरावे, काडी केव्हा कापावी, बांधलेली पट्टी किती आवळावी हे शहाणपण त्यांच्या बोटांत आले ते बागेतच.

आपल्याकडे फळांचा माग काढत हिंडायला मुलूख कमी नाही. मार्च ते मे रत्नागिरी-देवगडचा हापूस, मे-जूनला जुनागढ-तालाळ्याचा केसर, जून-जुलैला मलिहाबादची दशहरी. ऑगस्टपासून हिमाचलातल्या कोटगड-किन्नौरची सफरचंदे, दिवाळीच्या आगेमागे नागपूरची संत्री, जानेवारी ते मार्च नाशिकची द्राक्षे. यातले हापूस, केसर आणि दशहरी तर थेट कॉलेजच्या सुट्टीत येतात. कमी आहे ती एवढीच व्यवस्था: लेखी दर, ठरलेले तास, झोपायला स्वच्छ जागा, अपघाताचा विमा. ही व्यवस्था आली तर तिचा पहिला लाभ कोकणातल्या नेपाळी राखणदाराला आणि लग्गी चालवणाऱ्या मलिहाबादी मजुराला व्हायला हवा. विद्यार्थ्यांना स्वस्तातले हात म्हणून त्यांच्या जागी उभे केले तर तो अन्याय ठरेल. दर सगळ्यांना एकच असावा.

सोडतीत नाव लागलेल्या मुलामुलींनी काही गोष्टी घरून निघण्याआधी लिहून घ्याव्यात. पोचल्यावर लगेच कर क्रमांक काढा. या व्हिसावर नोंदणीकृत मालकाकडे 45,000 डॉलरपर्यंतच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापला जातो. मालकाने वेतनावर 12 टक्के निवृत्तिनिधी भरायचा असतो. देश सोडताना तो मागता येतो, पण त्यातला 65 टक्के कर म्हणून जातो. दर पगाराला चिठ्ठी मागा आणि जपून ठेवा, कारण पुढच्या व्हिसासाठी तीच पुरावा ठरते. काम देण्यासाठी कुणी आधी पैसे मागितले किंवा पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर तिथून निघा. फेअर वर्क ओम्बुड्समनकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत.

आणि मलिहाबादच्या, रत्नागिरीच्या, नाशिकच्या बागायतदार संघांना एक विनंती. येत्या हंगामात बागेच्या फाटकावर एक फळा लावा. त्यावर दिवसाची मजुरी, कामाचे तास आणि पैसे देण्याचा वार एवढेच लिहा, हिंदीत, मराठीत आणि नेपाळीत.