खोडदचं आभाळ उघडतं, मंचरची पत्रिका उघडत नाही

मंचरच्या एका वाचकाला मिळालेल्या उत्तराने या आठवड्यात माझं डोकं फिरलं आहे. डीटीपीचं दुकान आवरताना त्यांच्याकडे फ्लॉप्यांचे खोके निघाले. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, एका शाळेची स्मरणिका, असा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा ऐवज. भंगारवाल्याला द्यायचं जिवावर आलं म्हणून खोके घेऊन ते एका वाचनालयात गेले. तिथे उत्तर मिळालं, छापील असेल तर आणा, नाहीतर पीडीएफ करून द्या.

पण फ्लॉपीतल्या फाइलची पीडीएफ करायची तर आधी ती उघडावी लागते, आणि ती उघडत नाही म्हणून तर हा माणूस तुमच्या दारात उभा होता!

राग जास्त आला तो हे मंचरला घडलं म्हणून. शेजारच्या नारायणगावावरून खोडदला वळलं की जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. त्या नोंदी मग पडून राहिल्या, पण नीट पडून राहिल्या. पुढे खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तोच कच्चा डेटा पुन्हा हातात घेतला, आयनांबराने केलेली गडबड आपल्या पद्धतीने निस्तरली आणि २०१७ मध्ये सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. त्यातल्या एका ठिपक्याचा माग काढत २०१८ मध्ये आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांना तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. इंटेमांची आज्ञावली आतून खगोलवेधांचं जे 'एप्स' पॅकेज वापरते, त्याचं काम अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे डीटीपीवाल्यांचं पेजमेकर जन्माला यायच्या सात वर्षं आधी. एप्स आजही चालतं. पेजमेकरची फाइल उघडायची तर अडोबीचं स्वतःचं नवं इनडिझाइनसुद्धा हात वर करतं.

खगोलवाल्यांकडे पैसा असतो, असं म्हणून हा विषय झटकता येणार नाही. खरी गोम फाइलच्या स्वरूपात आहे. फिट्स हे त्यांचं स्वरूप १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. अशी फाइल साध्या नोटपॅडमध्ये टाकली तरी तिचा मथळा वाचता येतो. पहिलाच शब्द 'सिंपल', त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि 'ट्रू'चा टी. एका ओळीत ८० अक्षरं, कारण पंचकार्ड तेवढंच रुंद असे. ठोकळा २,८८० बाइटचा, कारण त्या काळच्या नाना तऱ्हेच्या यंत्रांच्या मापांना या आकड्याने भाग जात होता. आणि या सगळ्यावर एक नियम: नवं हवं ते आणा, पण जुनी फाइल बाद ठरेल असं काही आणायचं नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने हस्तलिखितांच्या प्रतिमा जपायला हेच ताऱ्यांचं स्वरूप निवडलं, ते उगाच नाही. जीएमआरटीचं एलटीए नावाचं घरगुती स्वरूपही आहे, पण ते फिट्समध्ये नेणारी 'जीव्हीफिट्स' ही आज्ञावली सोबत मिळते. तुम्ही नाव दिलं नाही तर ती निमूट 'टेस्ट डॉट फिट्स' अशी फाइल करून हातात ठेवते. या एकाच नावाच्या किती फायली संशोधकांच्या संगणकांत लोळत असतील देव जाणे, पण उघडतात सगळ्या.

आता मंचरचा खोका. त्यातली एक फ्लॉपी मी मागवून घेतली. आंबेगावच्या पावसाळ्यांनी चकतीवर बुरशीचे ठिपके काढले होते. ते पुसून, ग्रीझविझल नावाच्या छोट्या बोर्डाने चुंबकीय चढउतार थेट टिपून घेतले आणि त्यावरून पूर्ण १.४४ एमबीची प्रतिमा तयार केली. एवढं झाल्यावर आत होतं यात्रेचं हँडबिल, पेजमेकर ६.५ मधलं. त्यातला मजकूर आजच्या संगणकावर पाहिला तर डॉलर, टक्के, अंशाची खूण आणि टोप्या घातलेले इंग्रजी स्वर. कारण फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, फाँटमधल्या आकारांचे क्रमांक आहेत. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी साठवलेली. रफार डोक्यावर शेवटी काढतात म्हणून तो नंतर. 'स्थिर' लिहिलं असेल तर आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. ज्या कन्व्हर्टरला हे उमगत नाही तो वेलांटी अर्ध्या स ला चिकटवून मोकळा होतो.

मग एम्युलेटरची वाट धरली. ८६बॉक्स जुना पेंटियम नव्या संगणकात जसाच्या तसा उभा करतो. त्यावर विंडोज ९८, त्यावर पेजमेकर, त्यात हँडबिलाचा मूळ फाँट. आणि पडद्यावर गाव आलं. सकाळी अभिषेक, दुपारी घाटात बैलगाडे, बक्षिसांची उतरंड, संध्याकाळी कुस्त्या, रात्री लोकनाट्य, तळाशी देणगीदार. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू करू दिल्या. बंदीआधी घाटात कोण जुंपत होतं, पहिल्या नंबराला काय मिळत होतं, हे कुणाला शोधायचं असेल तर ते असल्याच कागदांत सापडणार.

पण खरी गंमत पानाबाहेर होती. पेजमेकरमध्ये पानाच्या भोवती मोकळी जागा असते, पेस्टबोर्ड. तिथे ठेवलेलं छापलं जात नाही. ऑपरेटरने आदल्या वर्षीची देणगीदारांची यादी पुसायचे कष्ट न घेता तशीच बाहेर ओढून ठेवली होती. दोन्ही याद्या शेजारी लावल्या तर आदल्या साली वरच्या ओळीत असलेलं एक नाव या साली गायब. भावकी म्हणा, ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणा, जे काय झालं असेल ते त्या मोकळ्या जागेत तेवढं उरलं आहे. छपाईच्या ट्रेसिंगवर ते कधी उतरलं नाही, छापील प्रतीत नाही, वाचनालयाने मागितलेल्या पीडीएफमध्येही आलं नसतं.

चीड येते ती यासाठी, की हे टाळता येत होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे संगणकात भारतीय लिप्या आणण्याचं, काम सीडॅक या सरकारी संस्थेबरोबर पुण्यात आलं. मजकूर आकारांत न साठवता उच्चारक्रमाने साठवणारी 'इस्की' संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये जाहीर केली. युनिकोडची देवनागरी तिच्याच आधीच्या आराखड्यावर बेतली आहे. म्हणजे फिट्ससारखी गोष्ट आपल्या घरात तयार होती. आपण काय केलं? ती सरकारी कागदावर ठेवली आणि दुकानादुकानांत आकारांचे क्रमांक भरत बसलो, ज्याच्या त्याच्या फाँटचे वेगळे.

वर ते लॉक. माझा जुना वैरी. प्रिंटरच्या पोर्टला डोंगल लावल्याशिवाय मराठी टाइप होत नसे. लॉक हरवलं की मराठी संपली. इंग्रजी शाळांनी मराठीचं केलं नसेल एवढं नुकसान या ठोकळ्यांनी केलं, आणि याला पुरावा मागणाऱ्याने आधी आपलं १९९८ सालचं लॉक शोधून दाखवावं. जुन्नरवर लिहिताना नाणेघाटाचा शिलालेख आणायचा रिवाज आहे. तो मी या वेळी पाळत नाही. दगडाला डोंगल लागत नाही, एवढंच सांगतो.

कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वर्डस्टार ७ एम्युलेटरसकट जगाला मोफत देऊन टाकलं. १९९२ सालचं सॉफ्टवेअर, वाली उरला नाही, कंपनी विचारायला येत नाही, म्हणून एका लेखकाने ते काम केलं. आपल्याकडे सीडॅक जिवंत आहे, पुण्यातच आहे, सार्वजनिक पैशावर चालते. तिने जिस्ट, आयएसएम आणि लीप ऑफिसच्या जुन्या आवृत्त्या लॉक काढून जपणुकीसाठी खुल्या कराव्यात ही माझी मागणी आहे, आणि ती मी कंटाळा येईपर्यंत करणार आहे. कंटाळा तुम्हाला, मला नाही.

आता त्या वाचनालयाची बाजू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, पण कधी? जर तिची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असेल तर. 'छापील असेल तर आणा' म्हणणारा तो माणूस, बिचारा, नकळत कलम वाचून दाखवत होता. जे मुळात फ्लॉपीवरच जन्मलं त्याची सोय त्या ओळीत दिसत नाही. जतनाचं कलम लिहिताना जतनाची गरज कशाला आहे हेच विसरायचं, याला काय म्हणावं?

दुकानदाराला मात्र तेच कलम जास्त मोकळीक देतं. सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याने ती हरवू-बिघडू नये म्हणून राखीव प्रत करून ठेवायला मुभा आहे. तेव्हा मंचर, नारायणगाव, घोडेगाव, ओतूरच्या डीटीपीवाल्यांनो, खोके भंगारात घालू नका. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मिळते, साडेतीन इंचीला ती चालते. फायली एकेक ओढून घेऊ नका, पूर्ण चकतीची प्रतिमा काढा, आणि दुकानातला फाँट आणि पेजमेकरची सीडी तिच्यासोबतच ठेवा. बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये सारू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या दहा चकत्या वाया जातात. विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारेल तेव्हा 'नाही' दाबा. आणि खोक्याच्या तळाशी पंचवीस पिनांचं लॉक सापडलंच तर ते कुठल्या सॉफ्टवेअरचं होतं हे त्यावर चिकटपट्टी लावून लिहा, मग पुढचं बोलू.