आधी वाडीला पाणी
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाची 88. पोशीर परिसरातल्या आदिवासी वाड्यांवर ऐन मे महिन्यात ही सरासरी मला तोकडीच वाटते. डवऱ्यात पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा, चुंबळीवर दोन हंडे ठेवून चढण चढायची. चूल पेटणार त्यानंतर. इथल्याच पोशीर नदीवरच्या धरणाला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. पाणी जाणार मुंबई महानगर प्रदेशाला. जावं, शहरालाही तहान आहेच. पण पहिला नळ या वाड्यांना मिळाला पाहिजे, आणि तोही बाईच्या दारात, वेशीवरच्या टाकीपाशी नव्हे.