नीलकंठाची घासाघीस

अंधेरी-बोरिवलीकडे पाहा नाहीतर घाटकोपर-मुलुंडकडे, रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात एक तरी गृहस्थ बनियनवर उकिडवा बसून मोटारसायकलचा सायलेन्सर घासताना दिसतोच. बुलेटवाले आणि जावावाले यात अग्रेसर! इंजिनाजवळच्या वळणावर, म्हणजे मेकॅनिक ज्याला बेंड पाइप म्हणतात तिथे, क्रोम आधी पिवळं, मग जांभळं आणि शेवटी निळं पडतं आणि या माणसाची झोप उडते. चिंच होते, लिंबू होतं, राख होते. शेवटी ओट्यावरची तारेची घासणी नाहीशी होते. (हेच हात घरात जेवल्यावर स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाहीत, ते सोडा.)

या घासू पंथाशी माझं भांडण आहे. अहो, तो डाग नव्हेच! धातू तापला की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे इंद्रधनुष्य दिसतं, तेच मग इथे दिसतं. पोलादाला पाणी देणारा लोहार याच रंगांवरून ताव ओळखतो. दोनशे अंशांच्या पुढे पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. हलाहल पचवून निळा झालेल्या गळ्यापुढे आपण हात जोडतो आणि रोज धूर गिळणाऱ्या या गळ्याला मात्र घासणी!

बरं, घासून मिळवता काय? शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तारेने निळेपण जातं, बरोबर क्रोमही जातं. मग जून येतो आणि तिथे गंज बस्तान मांडतो. वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात तर बोलायलाच नको. फार जिवाला लागलं असेल तर मऊ फडकं आणि क्रोमचं पॉलिश घ्या. पण गाडी तापली की निळा परत हजर. हां, नवाकोरा पाइप एकाएकी गडद निळा झाला, तर पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात असेल. तेव्हा मेकॅनिक गाठावा, चिंच नव्हे.

खरा रोग असतो आत, आणि तो उपनगरी आहे. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबचा पल्ला असला की ती निघून जाते. आपली गाडी धावते घर ते स्टेशन, पाच मिनिटं. सायलेन्सर पुरता तापायच्या आत ती पार्किंगमध्ये आणि मालक लोकलच्या दांड्याला. आतल्या वाफेचं पाणी होऊन ते तळाशी साचतं आणि पत्रा आतून खात बसतं. आमच्या विंगमधल्या सगळ्यांत चकचकीत सायलेन्सरचा तळ गेल्या पावसाळ्यात असाच सुटून पडला. वरचं क्रोम आरशासारखं होतं, त्यात मालकांचा पडलेला चेहरा स्पष्ट दिसत होता.

एखादा रविवार घासणी ओट्यावरच राहू द्या. घासणीच्या मालकिणीला मागे बसवा आणि सरळ घोडबंदरपर्यंत जाऊन या. वाटेत गरम भजी मिळतील, तोवर आतलं पाणीही उडून गेलेलं असेल.