७८६ च्या पलीकडचा आकडा

आपल्या समाजात आकडा म्हटला की आधी ७८६ आठवतो. नोटेच्या क्रमांकात सापडला तर ती नोट पाकिटात जपतात, गाडीला मिळावा म्हणून जादा पैसे मोजतात. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम'च्या अक्षरांना अबजद पद्धतीने जी किंमत असते, तिची ही बेरीज. तो लिहिण्याची चाल मुख्यतः भारतीय उपखंडातली. कुणाच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, पण ही बेरीज स्वतः करून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटतो. आकडा आपण मिरवतो, उघडून बघत नाही.

आकडे उघडून बघणारा माणूस महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. त्यांचा ६१७४ पुष्कळांनी ऐकला असेल. मला त्यांच्या अभ्यासातला एक मोठा आकडा जास्त आवडतो: १२३४५६७८९८७६५४३२१. उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच. नऊ वेळा एक लिहून झालेल्या १११११११११ चा हा वर्ग. अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' हे एका रेल्वे स्टेशनाचं नाव दिलं.

यात जादू नाही. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज केली की १, २, ३ करत मधल्या रकान्यात ९ आणि पुन्हा उतरण. कुठेच हातचा येत नाही. एक मात्र दहा वेळा लिहिला की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा येतो आणि चढउतार मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता आपल्या मूळ आकड्यातल्या अंकांची बेरीज करा, ८१ येते. ८१ नेच त्याला पूर्ण भाग जातो, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग असतो. (यात ८ गायब आहे, बघा.) अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर 'हर्षद' म्हणत, आनंद देणारी.

'याचा उपयोग काय?' हे त्यांनाही ऐकावं लागलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर गेलं. आपल्या घरातही हाच प्रश्न पोरांच्या तोंडावर मारला जातो, पोरींच्या तर जास्तच. बावड्यात उसाच्या बिलातून कपाती वजा करून हातात किती पडणार हे तोंडी सांगणारे लोक आहेत. तेच मुलांना म्हणतात, 'आपल्याला गणित जमत नाही.' जमतं की! फक्त खेळायची परवानगी नाही.

मकतबच्या उस्तादांनी आणि झेडपीच्या गुरुजींनी आठवड्यातला अर्धा तास अशा आकड्यांना द्यावा. पाटी-पेन्सिल पुरते. अकरा एकांचा वर्ग किती, ते मी इथे लिहीत नाही. पोरांना काढू द्या.