डोक्यावरचा पिंजरा

‘पिंजरा’ म्हटलं की आपल्या पिढीला शांतारामबापूंचा १९७२ सालचा सिनेमा आठवतो. आमच्या विद्यानगरच्या घरात मात्र गेले काही महिने पिंजरा म्हणजे अंगणातला लोखंडी नळ्यांचा सांगाडा. मुलं त्याला ‘रोल केज’ म्हणतात, शेजारच्या अक्का ‘पंजर’ म्हणतात. मुलं म्हणजे कोल्हापूरहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला माझा भाचा, त्याचा एक वर्गमित्र आणि अक्कांचा मुलगा. तिघांनी मिळून शेतातून, चिखलातून, बांधावरून जाणारी एकट्या माणसाची उघडी गाडी घरीच बनवायला घेतली आहे.

हे खूळ नवं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात १९७६ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी अशा गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला ‘बाजा’ या नावाने ती होऊ लागली. इथे भूमरड्डी कॉलेज १९४७ मध्ये निघालं, तेव्हापासून विद्यानगरच्या घराघरांत इंजिनिअर होऊ घातलेली मुलं राहत आली आहेत. आमच्या मुलांना स्पर्धेला जायचं नव्हतं, नुसती हौस होती. पण नियम त्यांनी स्पर्धेचेच धरले, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

अशा गाडीला ना छप्पर ना दारं. ती उलटली तर चालवणाऱ्याच्या डोक्यात आणि जमिनीत फक्त हा पिंजरा. बसणाऱ्याच्या पाठीमागे एक उभी कमान, डोक्यावरून पुढे जाणाऱ्या दोन नळ्या, कुशीला आडव्या आणि कमानीत एक तिरकी. त्या तिरक्या नळीला मी आधी शोभा समजले होते. मग आमच्या ह्यांनी चार काड्यांना टाचण्या मारून चौकोन केला आणि बोटाने ढकलला. चौकोन लगेच कलंडला. एक काडी तिरकी लावली, तर हलेना. शेताच्या फाटकाला तिरकी पट्टी असते ती याचसाठी. हे रेल्वे वर्कशॉपमधून वेल्डिंगच्याच कामावरून निवृत्त झालेत, त्यामुळे अंगणातलं कॉलेज त्यांच्याकडेच आहे.

नळी आणायला मुलं निघाली तेव्हा कागदावर ‘एक इंची पाइप’ लिहिलं होतं. ह्यांनी तो कागद काढून घेतला. पाण्याचा पाइप आतल्या पोकळीवरून ओळखला जातो. एक इंची म्हणतात तो बाहेरून जवळजवळ ३४ मिलिमीटर भरतो. ट्यूब मोजतात ती बाहेरून. नियमात मुख्य नळी बाहेरून २५ मिलिमीटर, तिची जाडी ३ मिलिमीटर आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, किंवा तेवढीच ताकद सिद्ध करून दाखवणारी दुसरी. कार्बन फार वाढला तर पोलाद कडक होतं, पण वेल्डिंगच्या शेजारी तडकतं. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर नकोच. तो वेल्डिंगच्या आचेने जळतो आणि धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

“पोकळ कशाला, भरीव सळई घ्या की,” असं मी म्हटलं होतं. भाच्याने गणित करून दाखवलं. या नळीचं वजन मीटरला साधारण १.६ किलो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम १६ मिलिमीटरची होते, आणि वाकण्याच्या बाबतीत नळी तिच्यापेक्षा पावणेचार पट ताठ. कळक पोकळ असून का उभा राहतो, ते मला या वयात समजलं!

नळीला नळी जोडायची तर टोक सरळ कापून चालत नाही. माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच करून, अर्धगोल कानशीने घासून, दुसऱ्या नळीला मिठी बसेल असं करावं लागतं. महिनाभर अंगणात कानशीचाच आवाज होता. मग आधी नुसते टाके मारायचे, कर्ण मोजायचे आणि आच एका बाजूला ओढू नये म्हणून आलटूनपालटून जोड भरायचे. जोड भाचाच भरत होता. तारेच्या सीओटू मशीनवर त्याचा हात बसला होता. जोड वेणीसारखे दिसायचे, आणि येणारा-जाणारा कौतुक करून जायचा.

अक्का तेवढ्या रोज भिंतीवरून ‘हुषार री!’ म्हणायच्या. भाच्याला सुरुवातीला वाटायचं, आपल्याला हुशार म्हणताहेत. कन्नडात हुषार म्हणजे जपून, हे त्याला आठवड्याने कळलं.

खंडेनवमी पाच दिवसांवर आली होती. आपल्याकडे आयुधपूजेला गाडी उभी नाही म्हणजे काय! मुलांना त्या दिवशी हार घालून गाडी मिरवायची होती. ह्यांनी विचारलं, “नमुना कुठाय?” नियमच आहे तसा. ज्या हाताने पिंजरा जोडला त्याच हाताने, त्याच नळीचे दोन नमुने करायचे. एक काटकोनात जोडून मोडून बघायचा, दुसरा तिरका जोडून उभा कापून आत बघायचा. मोडताना नळी फाटली तर वेल्डर पास, जोड सुटला तर नापास.

नमुना वाइसमध्ये धरला, वर लांब पाइप घालून ह्यांनी जोर दिला. टक्कन आवाज झाला आणि जोड अख्खा सुटून हातात आला. खाचेच्या कडेवर कानशीचे ओरखडे जसेच्या तसे चमकत होते. म्हणजे तिथलं लोखंड वितळलंच नव्हतं, वेणी नुसती वर बसली होती.

याच हाताचे अकरा जोड पिंजऱ्यात होते. गाडी चालवणार होता अक्कांचा मुलगा.

“मामा, वरून आणखी एक थर देऊ या,” भाचा म्हणाला. “पाया भरलाच नाही तर गिलावा करून भिंत उभी राहते का?” हे म्हणाले. वर्गमित्राचं म्हणणं पूजा होऊन जाऊ दे, गाडी कुठे लगेच पळवायची आहे. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं. एवढ्या दिवसांचे कष्ट डोळ्यांसमोर होते. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी वरच्या नळीवर हात ठेवून विचारलं, “इदु गट्टी ऐतेन्री?”

कुणी बोलेना. मग भाचाच म्हणाला, “इल्लरी काकू. कट माडबेकु.”

त्या सेमिस्टरला त्याला बरे मार्क पडले होते, पण मला त्याचं कौतुक वाटलं ते तेव्हा.

अकराही जोड ग्राइंडरने कापले. कडा घासून गंज आणि काळी पापडी काढली, फटीत किंचित जागा ठेवली, करंट वाढवला. तीन नमुने पुन्हा वाया गेले. चौथ्याला जोड तसाच राहिला आणि शेजारची नळी फाटली. तिरका नमुना कापला तर आत सांध्याची रेघही दिसेना. ह्यांनी नुसतं “हं” केलं. खंडेनवमीला मशीन, ग्राइंडर आणि कानशींना फुलं वाहिली, कोहळा फोडला. पिंजरा कोपरे कापलेलाच उभा होता.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण हल्ली हौसेने जीपलाही असले पिंजरे बसवतात. पिंजरा वाचवतो तो पट्ट्यांनी आवळून बसलेल्या, हेल्मेट घातलेल्या माणसाला. उघड्या डोक्याने बसलात तर तीच नळी डोक्यात बसते. आणि घरी बनवलेली, नोंदणी नसलेली गाडी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी वर्गमित्राच्या शेतातच फिरणार, आणि तिथपर्यंत टेंपोत बसून जाणार.

नियमाप्रमाणे हेल्मेट आणि नळी यांत १५२ मिलिमीटर अंतर हवं, अंगापासून ७६. म्हणजे डोक्याला आठ बोटं, अंगाला चार. दिवाळीनंतर पिंजरा पुरा झाला तेव्हा अक्कांनी लेकाला हेल्मेट घालून बसवलं आणि स्वतः बोटं लावून मोजलं.

आता ब्रेक राहिलेत. दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत असा नियम आहे. सध्या तीनच होतात.